हाती लागलेले बदक

नांदेड सोडून हिंगोलीच्या रस्त्याने निघाले, की आसना नदीचा पूल ओलांडल्यावर थोड्याच वेळात दोन्ही अंगांस केळीच्या बागा दिसू लागतात. वीस-बावीस किलोमीटरांचा हा प्रवास पुरा होईपर्यंत त्या दृष्टीआड होत नाहीत. अर्धापूर आले, हे पाटी वाचून नव्हे, तर रस्त्याकाठी लागलेल्या केळीच्या मालमोटारींवरून कळते. पूर्वी हे गाव नागवेलीच्या पानांकरिता प्रसिद्ध होते, आणि पानमळ्यांचा तो गार, हिरवा काळोख माझ्या बालपणीच्या आठवणींत अजून आहे. आता पानमळे उणावले आहेत. केळी आणि हळद यांचे राज्य आहे. पैनगंगेवरील ईसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी या भागात आल्यापासून जमिनीस तहान अशी फारशी उरली नाही.

माघ महिन्यात आजोळी मुंज होती, म्हणून जाणे झाले. मामेभावाचा आठ वर्षांचा मुलगा बटू झाला. मुंज यथासांग पार पडली, आप्तइष्ट परतले, आणि मी मात्र मामांच्या आग्रहास्तव चार दिवस मागे राहिलो. मामांची ऐंशी केव्हाच उलटली आहे, परंतु पहाटे उठून शेताकडे जाऊन यावयाचे हा त्यांचा नेम अद्याप चुकलेला नाही. त्यांच्या मागून मी, आणि माझ्या मागून तो नवा बटू, अशी आमची तिघांची यात्रा रोज पाझर तलावाच्या बांधापर्यंत जाई.

हा तलाव १९७२ च्या दुष्काळातला. त्या वर्षी मराठवाड्यात पोटासाठी माणसांनी खडी फोडली व माती वाहिली. त्या मातीतून असे कितीतरी बांध उभे राहिले. योगायोग असा की, वन्य प्राण्यांची व पक्ष्यांची शिकार थांबविणारा कायदाही त्याच साली झाला. माणसांनी उपाशीपोटी बांधलेल्या तलावावर आज सैबेरियातील व मध्य आशियातील पाहुणे उतरतात, आणि निदान कायद्याने तरी त्यांना कोणी हात लावावयाचा नाही.

पाहुण्यांची थोडी ओळख करून देतो. लांब, टोकदार शेपटीमुळे ओळखू येते ते तलवार बदक. पळीसारख्या चपट्या चोचीचा तो थापट्या. डोळ्यांवर पांढरी कमान असणारे, मुठीत मावेलसे वाटणारे ते भुवई बदक; हे सर्वांत आधी, भाद्रपद-आश्विनातच येऊन पोहोचते. हळदी-कुंकू बदक मात्र पाहुणे नव्हे, ते आपल्याच देशचे. त्याच्या काळ्या चोचीच्या मुळाशी कुंकवासारखे दोन ठिपके आणि टोकाला हळद. ज्या गावात माघात घरोघर हळद शिजते, तेथे या पक्ष्याने राहावे हे योग्यच होय. भगव्या रंगाचा चक्रवाक दोन-चारच्या संख्येने कडेला उभा असतो. इंग्रजांनी त्यास ‘ब्राह्मणी बदक’ असे नाव दिले होते. हा पक्षी अतिशय सावध. दुरून माणूस दिसताच ओरडून साऱ्या तळ्यास जागे करतो, आणि त्याचे मांसही बेचव, म्हणून शिकारी त्याच्या नावाने बोटे मोडीत. या नावाबद्दल आपण रागवावे की संतोष मानावा, हे मी वाचकांवर सोपवितो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर पोहोचतो तोच खालच्या चारीतून बटूची आरोळी ऐकू आली. जाऊन पाहतो तो काय, मुंजीतले नवे उपरणे चिखलात लोळलेले आणि त्यात गुंडाळलेले एक भुवई बदक! केळीच्या बागेकडे जाणाऱ्या चारीच्या काठी ते बसले होते. हा जवळ गेला तरी उडाले नाही. याने उपरणे टाकले आणि धरले. मुलाचा चेहरा विजयी सेनापतीसारखा फुलला होता. मामा हसून म्हणाले, “छान! एका द्विजाने दुसऱ्या द्विजास धरले. आता पुढला संस्कार कोणता?”

परंतु त्यांनी ते बदक हाती घेतले, आणि त्यांचे हसू मावळले. बोटांनी त्याची छाती चाचपीत ते म्हणाले, “अरे, हा नुसता पिसांचा पुंजका आहे. हे बघ.” मीही बोट लावून पाहिले. धडधाकट बदकाच्या छातीचे मधले हाड दोन्ही बाजूंच्या मांसात बुडालेले असते. येथे ते विळीच्या पात्यासारखे वर आले होते. घरी आणून स्वयंपाकघरातील काट्यावर टोपलीसकट ठेवून टोपलीचे वजन वजा केले, तेव्हा २४० ग्रॅम भरले. या जातीचे वजन साधारणतः ३०० ते ४५० ग्रॅम असते. अंगावर जखम नव्हती, पंख मोडलेला नव्हता. मुलगा पुन्हा पुन्हा विचारीत होता, “आबा, पण मी किती जोरात धावलो ते पाहिलंत ना?” त्याच्या धावण्यास फारसे श्रेय नव्हते, हे त्याला कोणी सांगावे, असा प्रश्न आम्हां दोघांपुढे पडला.

दुपारी ओसरीवर मामांनी एक जुनी हकीकत सांगितली. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, त्यानंतर सहा-सात वर्षांची ही गोष्ट. त्या वेळी परवाना काढून बदके मारता येत. हिवाळ्यात नांदेडाहून जीपगाडीतून कोणी अधिकारी मंडळी येत आणि कोसभर अंतरावरील एका जुन्या तळ्यावर पहाटे बार उडत. गावातील पोरे पडलेली पाखरे गोळा करून देण्यास धावत. त्यांत मामाही घरी न सांगता गेले होते. “पाखरे मानेला धरून आणायची. काही हाताला जड लागत, काही कापसासारखी हलकी. साहेबाचा खानसामा एकेक हातात घेई, छाती दाबून बघे आणि दोन ढीग करी. जड साहेबांचे, हलकी हाकाऱ्यांना वाटायची. हलक्यांचा ढीग मोठा होई. तो खानसामा वैतागून म्हणे, या तळ्यात चांगली बदके येतच नाहीत.” मामांची चोरी पायांवरच्या रक्ताच्या डागांनी उघडकीस आली, आणि आजीने त्यांना मागील दारी आडाच्या पाण्याने न्हाऊ घातल्यावाचून उंबरा ओलांडू दिला नाही. ती थंडी आपल्याला अजून आठवते, असे ते म्हणाले.

खानसाम्याचा समज चुकीचा होता, असे मला वाटते. तळ्यात चांगली बदके असतीलही. ती त्याच्या ढिगात कमी येत होती.

आमच्यासारख्या घरांत बदकाची चव ठाऊक असण्याचे कारण नाही, तेव्हा हा विषय कोणास परका वाटेल. तथापि यात जो प्रश्न आहे तो चवीचा नव्हे. शिकाऱ्याच्या हाती जी पाखरे लागतात ती तळ्यावरील थव्याचा प्रामाणिक नमुना असतात काय? अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात काही संशोधकांनी याचा छडा लावला. त्यांनी शरद ऋतूत पाच हजारांहून अधिक नीलशीर बदके, म्हणजे आपल्या पाळीव बदकांचा जो मूळ पुरुष ती जात, जाळ्यात धरली. प्रत्येकाचे वजन केले, पंखाची लांबी मोजली आणि पायात क्रमांकाचे वाळे घालून सोडून दिली. वजनास पंखाच्या लांबीने भागले म्हणजे पक्षी आपल्या चणीच्या मानाने भरलेला आहे की वाळलेला, याचा अंदाज मिळतो. नुसते वजन पाहून चालत नाही, कारण थोराड पक्षी रोडावला तरी लहानखुऱ्यापेक्षा जडच भरेल. पुढे त्या मोसमात शिकाऱ्यांनी मारलेल्या बदकांची वाळी परत आली, तेव्हा असे दिसले की, धरतेवेळी जी बदके खालावलेली होती ती बंदुकीस अधिक बळी पडली होती. १९८६ साली हे प्रसिद्ध झाले. इतरत्र याच रीतीने पाहिले असता कोठे हा फरक स्पष्ट दिसला, कोठे पुसट. सर्वच ठिकाणी इतका स्वच्छ निकाल निघाला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु कल एकाच दिशेचा आहे.

याची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. बांधावर तासभर बसले तरी पुष्कळ कळते. पोट भरलेली बदके दिवसा खोल पाण्याच्या मध्यभागी थव्याने डुलत बसतात आणि रात्री चरावयास जातात. ज्याच्या अंगी चरबी नाही त्याला असा वेळ पाहणे परवडत नाही. ते दिवसाढवळ्या उथळ कडेला येते, तेथे बी-किडा लवकर सापडतो. आणि कडेलाच माणूस, कुत्रा व बंदूक असते. चरताना त्याचे डोके पाण्यात असते, तेव्हा सावधपण सुटते. थव्यातील बलिष्ठ पक्षी दुबळ्यास चांगल्या जागेवरून हुसकावतात, म्हणून त्याच्या वाट्यास धोक्याची जागा येते. शिकारी लाकडाची नकली बदके पाण्यावर सोडून ठेवतात. ‘येथे चारा आहे’ असा त्यांचा अर्थ. या आमंत्रणास भुकेलेला प्रथम भुलतो.

आपल्या देशात बंदुकीच्या आधीपासून चालत आलेली एक युक्ती होती. पारधी तळ्यात रिकामी मडकी सोडून देई. पहिल्या दिवशी बदके बिचकत. चार-आठ दिवसांत ती मडक्यांना इतकी सरावत, की त्यांच्या भोवतीच पोहत. मग एके सकाळी पारधी स्वतः डोळ्यांपुरती भोके पाडलेले मडके डोक्यावर घालून गळ्याएवढ्या पाण्यातून हळूहळू सरके, आणि जवळच्या बदकाचे पाय धरून त्यास आवाज न होऊ देता पाण्याखाली ओढी. शेजारच्या पक्ष्यांना वाटे, सोबत्याने बुडी मारली! या युक्तीत निशाणाचा प्रश्नच नाही. जे बदक मडके अगदी अंगाशी आले तरी सरकले नाही, ते गेले. कोणते सरकत नसेल? झोपलेले, किंवा खाण्यात गढलेले, किंवा सरकण्याचा कंटाळा आलेले. नळराजाने जो हंस धरला तोही तळ्याकाठी एका पायावर उभा राहून झोपी गेलेला होता, हे नळाख्यान ऐकलेल्या प्रत्येक घरात ठाऊक आहे. राजाने पायातली पादत्राणेदेखील काढून ठेविली होती. जागता हंस राजाच्या हाती लागता तर आख्यान तेथेच खोटे ठरले असते.

यावर कोणी म्हणेल, की लठ्ठ पक्ष्यास उडणे जड जाते, तेव्हा तोच आधी सापडावा. ही शंका पोकळ नाही. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील अभ्यासकांनी २०१० च्या सुमारास पिंजऱ्यातील बदकांस वारंवार त्रास देऊन पाहिले, तेव्हा त्या बदकांनी खाणे कमी केले व आपले वजन उतरविले. पंख तेवढाच राहतो आणि अंग हलके होते, म्हणजे झटकन उठता येते. भय वाढले तर बदक आपणच हलके होते, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे रोड होण्याचे दोन प्रकार झाले. एक उपास व दुसरी उपासमार. एकादशी करणारा मनुष्य आणि ज्याच्या घरी दाणा नाही तो मनुष्य, दोघांच्याही पानात संध्याकाळी काही नसते, परंतु दोघांची अवस्था एक नव्हे. पहिल्या बदकाच्या अंगात उडण्याइतकी शक्ती असते, फक्त ओझे नसते. दुसऱ्याच्या छातीचे मांसच झिजू लागते, आणि ते मांस म्हणजेच त्याचे पंख हलविणारे यंत्र.

या उपासमारीस कित्येकदा बंदूकच कारण होते, हे विशेष आहे. बदकास दात नाहीत. ते बारीक खडे गिळते आणि ते खडे पोटातील एका जाड पिशवीत जात्यासारखे दाणे दळतात. शिकारीच्या तळ्यात चिखलात शिशाचे छर्रे साचतात. बदक खडा समजून एखादा छर्रा गिळते, तो दळला जाऊन विष अंगात भिनते, खाल्लेले पचत नाही आणि पक्षी वाळत जातो. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ फ्रँक बेलरोज यांनी १९५९ साली आपले जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांत असे आढळले, की ज्या बदकांना छर्रे गिळविले होते ती निरोगी बदकांपेक्षा सुमारे दीडपट ते दुप्पट प्रमाणात शिकाऱ्यांच्या हाती लागली. म्हणजे गेल्या वर्षी हुकलेला बार यंदा लागावा, असा हा हिशेब! त्या देशात पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास १९९१ पासून सर्वत्र बंदी आहे.

अर्थात जेथे बंदुकांची गणतीच नाही, तेथे रोड काय आणि गुटगुटीत काय. राजस्थानात भरतपूर येथे १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. अशा दिवशी निवड होत असेल असे मला वाटत नाही. सरसकट कापणीच ती. आमच्या तळ्यावरील दोन-तीन बंदुका ही निराळी गोष्ट होती. तेथे उठण्यास अर्धा क्षण उशीर झालेले पाखरू कोण, यावरच सारे ठरे.

आज अर्धापुरात बार ऐकू येत नाहीत. परंतु मी तेथे असताना रविवारी सकाळी शहरातून काही हौशी मंडळी मोठमोठाले कॅमेरे घेऊन आली. पक्षी उडतानाचे चित्र चांगले येते, म्हणून त्यांतील एकाने टाळ्या वाजवून थवा उठविला. थवा फिरून बसला. त्याने पुन्हा उठविला. असे चार वेळा झाले. उडताना बदकास विसाव्याच्या दसपटीहून अधिक शक्ती वेचावी लागते, आणि माघात हे पक्षी परतीच्या हजारो मैलांसाठी चरबीची शिदोरी बांधीत असतात. ती मंडळी सज्जन होती, आमच्याशी अदबीने बोलली, बरोबरचे फराळाचे कागदही त्यांनी गोळा करून नेले. तरी मला राहून राहून वाटले, की मांसाला शिवत नाही म्हणून पाप लागत नाही असे समजणारे आपण, त्या थव्यातल्या कोणा पाखराला कडेच्या धोक्याकडे ढकलतो, त्याचा हिशेब कोण ठेवणार? मामा त्यांना काही बोलले नाहीत. पाहुण्यास तोडून बोलावयाचे नाही, हा त्यांचा स्वभाव. मीही बोललो नाही. त्यास मात्र स्वभावाचे निमित्त नाही, नुसता भिडस्तपणा.

बटूने धरलेल्या बदकाचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. त्याला ते पाळावयाचे होते. खोक्यात गवत घालून घर तयार झाले होते, नावही ठरले होते. घरातील बायकामंडळींनी भिजवलेले तांदूळ व पाण्याची वाटी ठेविली. त्याने दोन-तीनदा चोच बुडविली. असा पक्षी घरी ठेवणे कायद्यास संमत नाही, म्हणून मामेभावाने वन खात्यास कळविले. सायंकाळी वनरक्षक आला. मुलगा खोके सोडीना. तेव्हा मामांनी त्यास जवळ घेतले आणि सांगितले, “तू त्याला पकडलंस असं तुला वाटतं ना? ते बरं असतं, तर तुला त्याची सावलीसुद्धा धरू दिली नसती.” मुलगा बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, “म्हणजे मी जिंकलो नाही?” यावर मामांना उत्तर सुचले नाही; त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी वनरक्षकाकडे. तो तरुण मनुष्य समजूतदार होता. तो म्हणाला, “तू नसतास तर हे रात्री कोल्ह्यानं नेलं असतं, बाळ.” यावर खोके सुटले. तिसऱ्या दिवशी निरोप आला, की बदक दुसऱ्या रात्रीच गेले.

निघण्याच्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा बांधावर गेलो. धुके होते. पलीकडच्या काठाने म्हशी पाण्यात उतरल्या, चक्रवाकाने ओरड केली, आणि तलवार बदकांचा सारा थवा एकदम उठला. तो वळून आमच्या डोक्यावरून गेला. बटूची नजर मात्र वर नव्हती. तो पाण्याकडे पाहत होता, जेथे थव्यामागे दोन भुवई बदके अजून बसलेली होती. त्यांतील एक उठले, आणि मग, बोटावर काही अंक मोजून होतील इतक्या वेळाने, दुसरे.